हेरोदाचा खिसा

"कुठं आहे ते बाळ?" आजोबा गरजले, आणि ओट्यावर ऊन खात पडलेलं मांजर एकही पायरी न घेता थेट अंगणात जाऊन पडलं.

"माहीत नाही, महाराज," मी वहीत बघून म्हटलं.

"मोठ्यानं. तू एकटी नाहीस, चाळीस पोरं आहात."

"माहीत नाही, महाराज!"

"हां. आता हेरोदाला राग येईल."

नाताळची सुट्टी लागून दोनच दिवस झाले होते. मी नऊ वर्षांची, चौथीत होते. आमच्या मिशन कंपाउंडात सुट्टी म्हणजे नुसतं हुंदडणं नसायचं. मोठी मुलं कामट्या सोलून, पतंगी कागद लावून देवळावरची चांदणी बनवायची. मुली खळ शिजवून पताका चिकटवायच्या आणि त्यातली निम्मी खळ एकमेकींच्या वेण्यांना लावायच्या. बारकी पोरं डोक्यावर पत्र्याचे डबे घेऊन आयांच्या मागोमाग बेकरीच्या भट्टीवर नानकटाईसाठी नंबर धरायची. माझा थोरला भाऊ दान्या नाटकात गाढवाचे मागचे पाय होता, त्यामुळे तो दिवसभर कमरेत वाकून फिरायचा आणि कुणी काम सांगितलं की गाढवासारखा ओरडायचा. माझं काम ठरलेलं होतं. मी आजोबांची वही धरायची.

कारण आमचे आजोबा नाटकातला हेरोद राजा होते, बाळ येशूला मारायला निघालेला.

शांतवन मास्तर दुशिंग, मिशन शाळेचे निवृत्त हेडमास्तर, एकतीस वर्षं हेरोद करत होते. त्यांच्या आधी त्यांचे वडील करायचे. आमच्या देवळाच्या मंडळीत योसेफ दरवर्षी बदलायचा, ज्ञानी लोक बदलायचे, देवदूतांना मिसरूड फुटली की ते मेंढपाळ व्हायचे. हेरोद मात्र दुशिंगांच्या घरातलाच. एरवी मुंगीलाही वळसा घालून जाणारा हा माणूस अंगरखा चढवून तागाची दाढी लावली की असा काही थरथरायचा, की पुढच्या रांगेतली दोन-चार पोरं दरवर्षी ओली व्हायची.

आमच्या नाटकात एक गोष्ट होती, ती शास्त्रात नाही. ती पणजोबांनी घातलेली. ज्ञानी लोक निघून गेले की हेरोद मंचावरून खाली उतरायचा आणि सतरंजीवर बसलेल्या पोरांपुढून चालत जाऊन तीनदा विचारायचा, "कुठं आहे ते बाळ?" एकदा नळाच्या कट्ट्यापाशी, एकदा मध्यभागी, एकदा चिंचेखाली. तिन्ही वेळा पोरांनी ओरडायचं, "माहीत नाही, महाराज!" मग हेरोदानं पाय आपटायचे आणि पोरांनी त्याला शेंगांची टरफलं फेकून मारायची. त्यासाठी आम्ही आठवडाभर शेंगा खाऊन टरफलं साठवायचो. एवढं धार्मिक कार्य आम्ही दुसरं कुठलंच इतक्या मनापासून करत नसू.

"आजोबा," मी त्या सकाळी वहीतून डोकं वर काढून विचारलं, "पण हे खोटं नाही का? बाळ कुठंय ते आम्हांला माहीत असतंच की. पडदाच तर मध्ये असतो."

आजोबांनी चष्मा पुसला. खोटं बोलणाऱ्याला त्यांनी चाळीस वर्षं बाकावर उभं केलेलं होतं, त्यामुळे प्रश्न अवघड होता.

"हेरोदाशी खोटं बोललेलं चालतं," ते शेवटी म्हणाले. "हेरोद सोडून कुणाशी नाही."

"आणि तुम्ही विचारलं तर?"

"मी विचारलं तर खरंच सांगायचं. पान उलट."

शेजारी आजी हेरोदाचा लाल अंगरखा मांडीवर घेऊन बसली होती. वर्षभर ट्रंकेत पडल्यामुळे त्याची एखादी तरी शिवण उंदीर उसवायचेच. यंदा मात्र ती शिवण सोडून आतल्या बाजूनं भलतंच काहीतरी जोडत होती.

"आजी, राजाला खिसा?"

"हातरुमालाला गं. सर्दी झालीय त्यांना," आजी म्हणाली आणि दोरा दातानं तोडला.

आजोबांना सर्दी झाल्याचं मला काही दिसलं नव्हतं. पण नऊ वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसांच्या सर्दीत फारसा रस नसतो.

आता आमच्या घरातलं दुखणं सांगते. माझ्या सुबोधकाकाला आजोबांनी मिशन शाळेत मास्तर म्हणून चिकटवून दिलं होतं. त्यानं दोन वर्षं पाढे शिकवले आणि एक दिवस राजीनामा देऊन चार मित्रांबरोबर बँड काढला. काका क्लॅरिनेट वाजवायचा.

"मास्तरांचा मुलगा नवरदेवाच्या घोड्यापुढं वाजवत चालणार?" आजोबांनी विचारलं.

"घोड्याच्या मागं चालण्यापेक्षा पुढं बरं, बाबा," काका म्हणाला.

विनोद करायची ती वेळ नव्हती. त्याच आठवड्यात काका आणि करुणाकाकू दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या खोलीत गेले. त्याला दोन वर्षं झाली. "त्यानं आधी यावं," आजोबा म्हणायचे. "त्यांनी आधी बोलवावं," काका म्हणायचा. "एका माळेचे मणी दोन्ही," आजी म्हणायची आणि मधल्या मधे तिचा जीव जायचा.

नाताळच्या दुपारी आमच्याकडे सगळ्यांनी एका पंगतीला बसायचं आणि आजोबांनी जेवणाआधी प्रार्थनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं, वयाप्रमाणे, असा रिवाज होता. माझ्या बाबांचं नाव झालं की काकाचं यायचं. गेल्या दोन नाताळांना आजोबा बाबांच्या नावापाशी येऊन थांबले होते. थोडा वेळ नुसतीच शांतता, आणि मग एकदम माझ्या आईचं नाव. त्या शांततेत आजीचं नाक वाजायचं. एरवी प्रार्थनेत डोळे किलकिले करून करंज्या मोजणारे दान्या आणि मीसुद्धा तेव्हा डोळे घट्ट मिटून घ्यायचो.

आणि नोव्हेंबरात काकाला मुलगा झाला.

आजी डिंकाचे लाडू पदराखाली घेऊन जाऊन आली. आई जाऊन आली, बाबा जाऊन आले, मी तर रोज जायची. आजोबा तेवढे गेले नाहीत. आजी एकदा चुलीपुढं बसून डोळे पुसत म्हणाली, "नातवाचं तोंड बघायला माणसाला मुहूर्त लागतो का गं?" मला फार वाईट वाटलं. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती, ती आजीलाही ठाऊक नव्हती. तालीम चालू असताना आजोबा मधेच, वहीकडे बघत, मला विचारायचे.

"काल तू तिकडं गेली होतीस?"

"हो."

"बरं." मग थोड्या वेळानं, "रडतं का फार?"

"कोण?"

"कुणी नाही. पुढचं वाक्य बघ."

दुसऱ्या दिवशी, "केस आहेत का?" तिसऱ्या दिवशी, "कुणासारखं आहे, असं लोक म्हणतात?" मी म्हटलं, "लोक म्हणतात, बघायला या." आजोबांनी माझ्या हातातली वही घेतली आणि त्या दिवशीची तालीम तिथंच संपली.

यात आणखी एक गंमत होती. आमच्या मंडळीचा दुसरा रिवाज असा, की वर्षातलं सगळ्यात नवं बाळ नाटकात गव्हाणीत निजवायचं आणि त्यानं रडू नये म्हणून त्याच्या आईलाच मरीया करायचं. यात वशिला चालत नसे. तालमीत बाळाच्या जागी शालीत गुंडाळलेला दुधी भोपळा असायचा, आणि योसेफ झालेला पोस्टमनचा जॉर्ज त्याच्याकडे मोठ्या मायेनं बघायचा. या वर्षीचं सगळ्यात नवं बाळ काकाचं होतं. मरीया करुणाकाकू. वर देवळाच्या पाळकसाहेबांनी देवदूतांच्या गाण्याला क्लॅरिनेट वाजवायला काकालाही बोलावलं.

"वरातीतलं वाजंत्र देवळात?" आजोबांनी विचारलं.

"देवळात कुठं मास्तर, आवारात," पाळकसाहेब म्हणाले. ते बोलण्यात कधी सापडायचे नाहीत.

म्हणजे एकाच नाटकात बाप, लेक, सून आणि नातू. पण हेरोद मंचाच्या डाव्या बाजूला आणि गोठा उजव्या बाजूला पडद्याआड. मेंढपाळ बाळाला बघणार, ज्ञानी लोक बघणार, दान्याचे पाय असलेलं गाढवसुद्धा बघणार. सगळ्या नाटकात बाळाला न बघणारा माणूस एकच होता. मी वही धरून हे सगळं बघत होते आणि मला ते मुळीच पटत नव्हतं.

चोवीस तारखेला शेवटची तालीम झाल्यावर आजोबांनी मला विचारलं, "उद्या तू कुठं बसणार आहेस?"

"नेहमीच्याच जागी. नळाच्या कट्ट्याला टेकून, पहिली."

"बरं," आजोबा म्हणाले.

नाताळची सकाळ उजाडली. नवे कपडे, उपासना, सगळ्यांशी हस्तांदोलन, सलाम, पुन्हा सलाम. शेजारच्या घरांत फराळाची ताटं पोचवता पोचवता माझ्या नव्या बुटांनी टाचा सोलल्या. दुपारी पंगत बसली. आजोबा प्रार्थनेला उभे राहिले, बाबांच्या नावापाशी आले आणि थांबले. या वेळची शांतता इतकी लांबली, की मला वाटलं, आता येतंय नाव. आजोबांनी घसा साफ केला. मग आईचं नाव घेतलं. आजीनं पुलाव वाढताना कुणाकडेच बघितलं नाही.

पाच वाजता देवळाच्या आवारात नाटक सुरू झालं. तिरपं ऊन, चिंचेवर पताका, आणि निम्मं गाव गोळा झालेलं. शेजारच्या आळीतले लोकही यायचे. हेरोद बघायला यायचे, खरं सांगायचं तर. देवदूत गायले. काकाच्या क्लॅरिनेटचा आवाज पडद्याआडून असा काही आला, की बायका पदर सावरून नीट बसल्या. मंचावर बसलेला हेरोद मात्र तोंड दुसरीकडे करून होता.

मग तो खाली उतरला.

इथं एक सांगायला हवं. हेरोदाला चष्मा नसायचा. राजाला कसला चष्मा! आणि चष्म्याशिवाय आजोबांना भिंत आणि माणूस यांतला फरक कळत नसे. एकदा वाटेत उभ्या राहिलेल्या म्हशीला त्यांनी थांबून सलाम केला होता. म्हणून त्यांनी पावलं मोजून ठेवलेली होती. नळापासून मध्यापर्यंत अकरा, तिथून चिंचेपर्यंत अकरा.

"कुठं आहे ते बाळ?" नळापाशी पहिली गर्जना झाली. एक पोरगं रडायला लागलं.

"माहीत नाही, महाराज!"

अकरा पावलं. "कुठं आहे ते बाळ?"

"माहीत नाही, महाराज!" आम्ही टरफलांच्या मुठी भरून घेतल्या.

आता चिंच. पण हेरोद वळला. उलटा. अकरा पावलं मोजत परत नळाकडे आला आणि माझ्यापुढं येऊन उभा राहिला. मंचावर पाळकसाहेबांनी वहीची पानं भराभरा उलटली. तागाची दाढी माझ्या नाकाला लागेल इतका हेरोद खाली वाकला आणि त्यानं मला विचारलं.

मी उभी राहिले. टरफलं मांडीवरून सांडली.

"माहीत आहे," मी म्हटलं. "त्या पडद्यामागं आहे. सुबोधकाकाचं बाळ आहे ते."

मागं कुणाच्या तरी हातातला कपबशीचा ट्रे खाली ठेवल्याचा आवाज आला. मग अख्खी सतरंजी किंचाळली, "रूथीनं सांगितलं! रूथीनं सांगितलं!" माझी आई कपाळाला हात लावून बसली. गाढवाचे मागचे पाय उभे राहिले, पुढचे बसलेलेच होते.

"दाखव," हेरोद म्हणाला.

मी त्याचं बोट धरलं आणि मंच ओलांडून निघाले. पडद्यापुढं योसेफ काठी आडवी धरून उभा होता. जॉर्ज सातवीतला, पण मनानं खरा शूर.

"महाराज," तो थरथरत म्हणाला, "मी बाळाला हात लावू देणार नाही. वहीत असं नाहीये."

"बाजूला हो रे, जॉर्ज," मी म्हटलं.

पडदा आईच्या जुन्या साडीचा होता. एका ओढीत खाली आला. गव्हाणीजवळ निळा पदर घेतलेली करुणाकाकू. तिच्या मागं स्टुलावर काका, क्लॅरिनेट मांडीवर, चेहरा चुन्यासारखा. हेरोदानं मुकुट काढून खाली ठेवला. तो गवतात गुडघ्यांवर बसला. मग त्यानं अंगरख्यात हात घातला, चष्मा काढला, एक एक काडी कानावर नीट बसवली आणि गव्हाणीत बघितलं.

किती वेळ बघितलं, कोण जाणे. लोकही बघत होते. बाळानंही बघितलं. मग बाळानं हात वर केला, समोर लोंबणाऱ्या दाढीची मूठ धरली आणि ओढली. दाढी सगळीच्या सगळी त्याच्या हातात आली.

आवारात असा हशा उठला, की चिंचेवरचे कावळे उडाले. हेरोद गेला होता आणि गवतात आमचे आजोबा बसले होते, हनुवटीला खळ चिकटलेली आणि डोळ्यांतून पाणी वाहत असलेले.

"नाक दुशिंगांचं आहे," ते म्हणाले.

आजोबांनी मान वर करून काकाकडे बघितलं.

"असा बघतोस काय? वाजव."

"काय वाजवू, बाबा?" काकानं क्लॅरिनेट उचललं.

"येतं ते वाजव."

काकानं भजन सुरू केलं. लहानपणी पेटीवर आजोबांनीच शिकवलेलं. पण दोन वर्षं बोटांना वरातीची सवय झालेली. तिसऱ्या कडव्याला भजनाची चाल अशी काही उड्या मारायला लागली, की मागच्या बायकांनी पदर खोचले आणि फुगड्या धरल्या. आजी त्यांत होती. पाळकसाहेबांनी वही मिटली. आम्ही साठवलेली टरफलं सगळ्यांच्या अंगावर उधळली. एकटा जॉर्ज काठी घेऊन सगळ्यांना विचारत फिरत होता, "मग आता आम्ही बाळाला घेऊन मिसरला पळायचं का नाही?"

रात्री पुन्हा पंगत बसली. दुपारचाच पुलाव होता, पण काका होता, काकू होती. आजोबा उभे राहिले. बाबांचं नाव घेतलं आणि न थांबता काकाचं घेतलं. शेवटी माझं नाव झाल्यावर म्हणाले, "आणि शमुवेल." बाळाचं नाव अजून ठरलेलं नव्हतं. पण आमेन झाल्यावर कोण बोलणार? तेच ठेवलं.

मला मात्र मंडळीत नवं नाव पडलं. यहूदा. येशूला धरून देणारी. दहावी होईपर्यंत पोरांनी पिच्छा सोडला नाही. "लहान होती, गोंधळली, चुकून बोलून गेली," असं आजी सगळ्यांना समजावत राहिली. आणि पुढच्या नाताळला हेरोदानं विचारलं, तेव्हा चाळीसच्या चाळीस पोरं ओरडली, "माहीत आहे, महाराज!" पाळकसाहेबांनी हात टेकले. तेव्हापासून आमच्याकडचा हेरोद बाळाला बघूनच जातो. शास्त्रात काहीही असो.

सोळा वर्षांनी मी मिरजेहून, माझ्या नर्सिंगच्या नोकरीवरून, नाताळला घरी आले होते. आजोबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. आजी ओट्यावर तोच लाल अंगरखा मांडीवर घेऊन बसली होती आणि कडेची शिवण उसवत होती. आता हेरोद सुबोधकाका करायचा आणि बँडच्या जेवणावळींनी त्याचं पोट सुटलं होतं.

"खिसा तसाच ठेवू का गं?" आजीनं विचारलं. "सुबोधला काही चष्मा नाही."

"आजोबांच्या हातरुमालाचा ना तो?"

आजी हसली. "हातरुमाल कसला! मला म्हणाले, 'चष्मा बसेल एवढा खिसा शिव, आणि कुणाला बोलू नकोस.' शिवल्यावर दोनदा घालून बघितला. मी म्हटलं, राजाला चष्मा कशाला? तर म्हणाले, 'लागला तर असावा.' नंतर मला वाटलं, देवाचीच करणी. नेमका खिसा होता, आणि नेमकी तू चुकलीस."

"मी चुकले नव्हते, आजी."

तिनं सुई थांबवली.

"तिसऱ्या वेळेला हेरोदानं विचारलंच नव्हतं," मी म्हटलं. "ते वाकले आणि हळूच म्हणाले, 'रूथी, कुठं आहे गं ते बाळ?' आपल्या नेहमीच्या आवाजात. हेरोदाशी खोटं चाललं असतं. आजोबांशी कसं बोलू?"

मग तिनं अंगरख्याच्या खिशात हात घातला आणि तसाच ठेवला, बराच वेळ.

"गेला नाही माणूस दोन गल्ल्या ओलांडून," ती म्हणाली. "अकरा पावलं मागं आला." डोळे पुसता पुसता तिला हसू फुटलं. "आणि तू गं? सोळा वर्षं मी लोकांना सांगतेय, पोरगी जरा अर्धवट आहे म्हणून!"

"कुणी विचारलंच नाही."

मागच्या अंगणात काकानं तालीम सुरू केली होती. त्याचा आवाज आजोबांएवढा नाही, पण बरा आहे.

"कुठं आहे ते बाळ?"

स्वयंपाकघरातून, तोंडात अख्खी करंजी असल्यामुळे जेमतेम कळेल असा, सोळा वर्षांचा शमुवेल ओरडला, "इथंय!"